दोरवाल्यांची गाठ

डोंगरापलीकडून आलेल्यांना या शहरात 'दोरवाले' म्हणत, आणि म्हणताना हसत. रंगारीबाबा त्यातलेच. दोन पायऱ्यांच्या घोडीवर चढायचं असलं तरी ते आधी कमरेला दोर बांधायचे आणि त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

"अहो, पडलात तर गुडघाही खरचटायचा नाही!" मुकादम खिजवायचा.

"हसा, लेको," बाबा म्हणायचे. "आमच्याकडे उतारावर गवत कापायला दोघं एकाच दोराला बांधून घेऊन जातात. एक घसरला की दुसरा मटकन खाली बसतो. म्हणून आम्ही दोरवाले. तुमच्याकडे कोण बसतो सांगा!"

त्यांच्या मुलीला मात्र या शब्दाचा भारी तिटकारा. शाळेत पोरी तिच्या वेणीला सुतळी बांधायच्या. "लोकांसमोर तो दोर काढू नका ना, बाबा," असं तिने हजारदा विनवलं असेल. पण ऐकतील तर ते बाबा कसले!

पुढे बाबांचे गुडघे गेले, काम सुटलं. एक दिवस दवाखान्यात निघाले, तर तिसऱ्या मजल्यावरून उतरताना पहिल्याच पायरीवर पाय लटपटायला लागले. मुलगी आत गेली आणि खुंटीवरचा रंगाने माखलेला दोर घेऊन आली. एक टोक तिने बाबांच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"अगं बाई, हे काय गं?" शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं.

"आम्ही दोरवाले, काकू," ती म्हणाली.

बाबांनी सवयीने गाठ ओढून पाहिली. पक्की होती. ही गाठ त्यांनी तिला कधी शिकवली नव्हती.