गाडीला न चालणारं पाणी

शहरातल्या सदर भागातल्या एका कचेरीत पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांचा खर्च तपासणारे एक साहेब आहेत. निवेदनं घेऊन मी त्यांच्याकडे नेहमी जातो. ते खुर्ची देतात, चहा पाजतात आणि धूळ पडू नये म्हणून आपला कप बशीनं झाकून ठेवतात. शुद्ध पाण्याला ते 'लाभ' म्हणतात आणि ते पिणाऱ्या माणसाला 'दरडोई'. दर दोन वाक्यांनंतर विचारतात, "पण परवडलं पाहिजे ना, भाऊ?" जणू हगवण गावाला फुकटात परवडते.

परवा कोराडीजवळच्या एका गावाला केंद्र द्यावं की नाही, हे ठरवायला ते निघाले. मीही जीपमध्ये चढलो. गावाच्या उघड्या टाक्यात कोराडीच्या वीजघरातून उडालेल्या राखेची साय तरंगत होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "वस्ती लहान आहे. इतके दिवस हेच पाणी पिऊन राहिले ना लोक? मग नाही परवडत."

निघताना जीप तापली. एका म्हातारीनं घागर आणून दिली. ड्रायव्हर ती रेडिएटरमध्ये ओतणार, तोच साहेब ओरडले, "अबे, थांब! राखेनं नळी चोंदेल!" आणि धरमपेठेतल्या घरून आणलेलं, उकळून गार केलेलं पाणी त्यांनी मोठ्या थर्मासमधून स्वतःच्या हातानं गाडीला पाजलं.

म्हातारी बघत होती. "काहून जी साहेब, आमचं पाणी गाडीले नाही चालत?"

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, गाडी सरकारी आहे."