सिंकखालचा मग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही ऐकाल आणि मान डोलवाल — आणि मान डोलवणाऱ्या माणसांचा मला आताशा मनापासून तिटकारा येतो. त्यात पहिली मी.

माझी अंड्याची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. २००९ साल. नवरा सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर, आणि आम्ही आयर्लंडमधल्या मलिंगार गावाच्या बाहेर, शेतांच्या मधोमध, भाड्याच्या बंगल्यात. मला गाडी चालवता येत नव्हती. बसची वाट बघत उभी होते, तेव्हा गाडीतून जाणारी तीन पोरं 'पाकी' म्हणून ओरडली आणि एकानं अंडं फेकलं. ते माझ्या डोक्यावर फुटलं. डब्लिनजवळ स्वोर्ड्सला मराठी मंडळींची दिवाळी असायची, तिथे ही गोष्ट मी दरवर्षी सांगितली. बायका च्च च्च करायच्या. पुरुष म्हणायचे, आपण एवढे शिकलेले, टॅक्स भरणारे, आणि आपल्यावर अंडी? म्हणजे न शिकलेल्यावर फेकलं असतं तर चाललं असतं — असं कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांच्या पोटात तेच. माझ्याही.

या गोष्टीतलं एक माणूस मी दरवर्षी गाळलं. ग्रेस. आमच्याच रस्त्यावर पुढे राहायची. मूळची नायजेरियाची, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करायची, आणि तिचा नवरा टॅक्सी चालवायचा. त्या दिवशी तिनं गाडी थांबवली. स्वतःच्या स्कार्फनं माझे केस पुसले, त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मला घरी आणलं. कुलूपही तिनंच उघडलं.

मी चहा टाकला. आणि मग? मग मी प्रेस उघडलं — तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात — आणि सहा सारखे मग समोर असताना पार मागे हात घालून सातवा काढला. टवका उडालेला, पेट्रोल पंपावर फुकट मिळालेला. ती गेल्यावर तो धुतला आणि सिंकखाली, ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवून दिला.

पुण्याला आई कामवालीचा कप मोरीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवायची. तेव्हा हात सवयीनं गेला, असं म्हणायची सोय आहे. खोटं आहे ते. मी तो मग शोधला. केसांना अजून अंड्याचा वास येत होता, आणि मी मग शोधत होते! कॉलेजात समतेवर बोलून वक्तृत्वाची ढाल आणलेली बाई मी. ती ढाल आमच्या शोकेसमध्ये असायची. कामवाली रोज पुसायची.

पुढे ग्रेस दर गुरुवारी मला खरेदीला मलिंगारला न्यायची, आणि परत आल्यावर चहा घ्यायची. त्याच मगातून. दोन वर्षं. तिच्या काय लक्षात येणार, असं मी धरून चालले होते. किती शहाणी समजत होते मी स्वतःला?

मग टॅक्सीचं प्रकरण झालं. स्टँडवर तिच्या नवऱ्याची गाडी रांगेत पहिली असली, तरी लोक आत डोकावून बघायचे आणि मागच्या गोऱ्या ड्रायव्हरकडे जायचे. रोजचंच. शेवटी दहा-बारा जणांनी शनिवारी तिथे फलक घेऊन उभं राहायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फलक माझ्या किचनमध्ये रंगवायचे. मनातून मी हसत होते — दहा-बारा माणसं आणि चार पुठ्ठे, कोण विचारतो? पण लिहीत होते, वळणदार. रांगेतली पहिली टॅक्सी ती पहिली टॅक्सी, असा काहीतरी मजकूर होता.

चहा झाला तेव्हा ग्रेसनं समोरच्या सहांतला एक मग उचलला. माझी लेक सहा वर्षांची. मराठी कळायचं, पण बोलायची ती आयरिश हेलाचं इंग्रजी.

"तो नाही," ती ग्रेसला म्हणाली. "तुझा सिंकखाली असतो." आणि वाकून काढून दिलासुद्धा.

ग्रेसनं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? अक्षर रंगवत राहिले. तिनं त्याच मगात चहा ओतून घेतला, सगळा प्यायली, मग धुतला आणि सिंकखालचं दार उघडून ब्लीचशेजारी उपडा ठेवला. फलक काखेत घेतले.

"अक्षर सुंदर आहे तुझं," म्हणाली आणि गेली.

शनिवारी माझं डोकं दुखत होतं. दुखत नव्हतं.

त्यानंतरही ती मला गुरुवारी नेत राहिली — हो, नेत राहिली, आणि मी निर्लज्जासारखी गाडीत बसत राहिले. परतल्यावर मात्र फाटकाशीच सोडायची, इंजिन चालू ठेवून. ती हल्ली आत का येत नाही, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, चार पुठ्ठे काय धरले, डोक्यात हवा गेलीये बाईच्या. स्वोर्ड्सलाही हेच सांगितलं, अंड्याच्या गोष्टीनंतर. लोक हसले. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटत होतं. आता तो मग काढावा लागणार नव्हता.

२०१३ मध्ये आम्ही डब्लिनकडे, डून लेरीला राहायला गेलो. सामान बांधताना सिंकखाली वाकले. मग तसाच होता, तिनं ठेवला तसा. स्वच्छ धुतलेला, उपडा. तो मी कचऱ्यात टाकला.

हातात रबरी मोजे होते. साफसफाई चालली होती, मोजे असणारच, असं तुम्ही म्हणाल. नव्हते. त्याला हात लावायच्या आधी मी ते घातले.