पहिला हात

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले, माझ्या वडिलांनी केला नाही.

लालबागच्या आमच्या चाळीला छोटंसं पटांगण होतं. तिथे खुर्च्या मांडून सभा भरली होती. बिल्डरची माणसं नकाशे दाखवून निघून गेली आणि आम्ही चाळीतलेच तेवढे उरलो. सेक्रेटरी म्हणाला, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा." एकेक करत हात वर गेले. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांनी मात्र दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते. ऐंशी उलटलेला माणूस, शाळेत रुसून बसलेल्या पोरासारखा.

"आजोबा, तुम्ही तेवढे राहिलात. काही हरकत आहे का?"

"हरकत नाय. कागद आण, सही करतो. हात वर करणार नाय."

लोक हसले. मला लाज वाटली. मी दादरच्या एका शाळेत इतिहास शिकवते, चाळीत मला मान होता, आणि वडील असे वागत होते. घरी येऊन मी दार लोटलं आणि तडकून विचारलं, "हा काय हट्ट होता, बाबा?"

ते खाटेवर बसले. बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, "एकदा केलेला, बाय. पुरे झाला तेवढा."

तेव्हा पहिल्यांदा मला ती गोष्ट कळली. गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. आमच्या शेजारच्या खोलीतले काका त्याच खात्यात, बाबांच्या बाजूच्याच साच्यावर. दोघे एकत्र कामाला जात, एकत्र येत, आणि येताना एकाच पानाचे दोन तुकडे करून खात. संपात उतरायचं की नाही हे ठरवायला खात्यातले साठेक लोक जेवणाच्या सुट्टीत एकत्र जमले. बाहेरच्या गिरण्यांतले लोक निघाले होते, पुढाऱ्यांची भाषणं झाली होती, पण बाबांच्या खात्यात कुणी हलेना. ज्यानं विचारलं, "कोण कोण येणार?" त्याच्याकडे न बघता सगळे जमिनीकडे बघत होते.

"मग मी हात वर केला," बाबा म्हणाले. "का केला ते आजही सांगता येत नाय. ती गप्प माणसं बघवेनात, म्हणून असेल. माझा हात वर गेला नि बाजूला त्याचा गेला. मग सगळ्यांचेच."

तो संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. लोक महिन्याभराच्या तयारीनं बाहेर पडले आणि बाहेरच राहिले. बाबांना पुढे परळच्या एका छापखान्यात कागद कापायचं काम मिळालं. काकांना काहीच धड मिळालं नाही. ते वर्षभर गावी जाऊन आले, मग दादरला एका साडीच्या दुकानाबाहेर दरवान म्हणून उभे राहू लागले. अंगाला मोठा होणारा खाकी कोट घालून ते गिऱ्हाइकांसाठी दार उघडत. ज्या माणसानं धोतरं आणि लुगडी विणली, तो साड्यांच्या दुकानात आत कधी गेला नाही. काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं ते वारले. काकी खोली सोडून चिंचपोकळीला लेकीकडे राहायला गेल्या.

"मी हात वर केला नसता, तर तो राहिला असता गिरणीत," बाबा म्हणाले.

मला एकदम बरं वाटलं. हे दुखणं बरं करणं माझ्या हातातलं होतं. त्याच आठवड्यात मी नववीच्या मुलांना विचारलं होतं, इतिहास एकटी माणसं घडवतात की जनसमूह? वह्यांचा गठ्ठा टेबलावरच होता. मी बाबांच्या शेजारी बसले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. अख्खं गिरणगाव रस्त्यावर होतं. लाखो माणसं होती. आणि गिरण्या बंद पडायला संप एकटा कारण नव्हता. यंत्रं जुनी झाली होती, मालकांना जमिनीची किंमत कळली होती, धंदा दुसरीकडे निघाला होता. "एका खात्यातल्या एका माणसाच्या हातानं काय होणार होतं, बाबा? तुम्ही केला नसता तर दुसऱ्या कुणी केला असता. नाहीतर कुणीच केला नसता, तरी शेवट हाच झाला असता."

मी गठ्ठ्यातली एक वहीसुद्धा वाचून दाखवली. एका मुलीनं लिहिलं होतं की लाटेतला थेंब लाट अडवू शकत नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी होतो काय आणि नव्हतो काय, सारखंच?"

"तसं नाही हो."

"तसंच म्हणालीस. चाळीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या हातून पाप झालं. तू म्हणतेस, माझ्या हातून काहीच झालं नाय." ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "वही ठेव जागेवर. पोरीची आहे, चुरगळेल."

नंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी, रविवार होता, मी म्हटलं, "चला, काकींकडे जाऊ." ते नको म्हणाले नाहीत. आमच्या चाळीपासून काकींचं घर चालत पंधरा मिनिटांवर. काका गेले त्यानंतर बाबा तिथे एकदाही गेले नव्हते.

काकी पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, आवाज मात्र तोच, खणखणीत मालवणी. "भावजी? देवा म्हाराजा, वाट चुकलास की काय?"

बाबा बसले, पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि न पिताच बोलू लागले. साठ माणसं, जमिनीकडे लागलेल्या नजरा, आपला हात, मग काकांचा हात. सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "वहिनी, मी त्याला बाहेर काढला. मला माफ करा."

काकींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुमच्या हाताकडे कोण बघत होतो, भावजी? त्या दिवशी घरातना भायर पडताना मीच त्येंका सांगितलंय, मागे रवू नकात. चाळीतले सगळे जातले आणि तुमी एकटेच आत रवलास, तर मी नळार पाण्याक कशी जाऊ? बायका माका काय म्हणतले?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "त्येंच्या मनात जावचा नव्हता. माझ्यासाठी गेले. चाळीस वर्सां ह्या कोणाक बोलूक नाय मी."

पंधरा मिनिटांच्या अंतरावर दोन माणसं एकच ओझं दोन ठिकाणी वाहत बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते आपलं एकट्याचं आहे. उरलेल्या अठ्ठावन्न घरांत काय काय असेल, कुणास ठाऊक. कुणाचा भाऊ, कुणाची आई, कुणाचा भिडस्त स्वभाव. वर्गात मी ज्याला जनसमूह म्हणते, तो हाच होता.

मला वाटलं, आता बाबा सुटले. पण काकी पुढे बोलल्या, रागानं नव्हे, सहज आठवलं म्हणून.

"एकच गोष्ट त्येंका शेवटपर्यंत लागली. दादराक दुकानाभायर उभे रवत, तेव्हा तुमी समोरच्या फुटपाथान जायत. मान खाली घालून. चाळीतसुदा नजर चुकवून. त्येंनी कितीदा बघितल्यानी. घराक येऊन माका इचारीत, ह्यो माझ्याशी बोलत कित्या नाय? माजा काय चुकला?"

ग्लासातलं पाणी बाबांच्या धोतरावर सांडलं.

"वहिनी, मला त्याच्या अंगावरचा कोट बघवत नव्हता," ते म्हणाले. "माझ्यामुळे घातला, असं वाटायचं."

"त्येंका वाटला, दरवानाची वळख देवक तुमका लाज वाटता."

खालून हातगाडी जात होती, ती जाईपर्यंत आम्ही तिघं तिचा आवाज ऐकत राहिलो.

परत येताना बाबा मध्येच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "संपाचं तू म्हणतेस तसंच असेल, बाय. सगळ्यांनी मिळून केलं असेल. पण हे दुसरं मी एकट्यानंच केलं ना? ह्यात कोण होतं माझ्याबरोबर?"

मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

त्यानंतर जमेल तसे ते चिंचपोकळीला जात राहिले. काकी आणि ते गावच्या गोष्टी बोलत, कोण गेलं, कोणाचं घर पडलं, कुणाच्या आंब्याला यंदा मोहोर धरला. काकांचा विषय दोघंही काढत नसत. मग चाळ रिकामी करायची वेळ आली. आम्हाला वरळीच्या बाजूला संक्रमण शिबिरात सातव्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट अर्धे दिवस बंद असायची. बाबांचं जाणं थांबलं, आणि पुढच्या थंडीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दाराबाहेर जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं.

तेराव्याला काकी आल्या. लेकीचा हात धरून, मजल्यामजल्यावर थांबत, सात मजले चढून आल्या. फोटोसमोर बसल्या, फूल वाहिलं, आणि मला जवळ बोलावून अगदी हळू विचारलं, "तुज्या बापाशीन माज्याविषयी कधी काय म्हटल्यान काय गे? मी माझ्या घोवाक संपात धाडलंय म्हणान?"

त्या दिवशी त्या खोलीत दोन माणसांनी आपापला गुन्हा सांगितला होता. बाबांचं काकींनी ऐकून घेतलं, त्यांना सांगितलं की तो दोष तुमचा नाही. काकींना तेच कुणी सांगितलं नव्हतं. बाबा स्वतःच्या दुःखात बुडाले होते आणि मी त्यांना सांभाळण्यात. त्यानंतर इतक्या भेटी झाल्या, एकदाही नाही.

"बाबा म्हणायचे, वहिनींचा काही दोष नव्हता," मी म्हणाले.

हे खोटं होतं. बाबा असं कधी म्हणाले नव्हते.

काकींनी माझ्याकडे नीट पाहिलं. खूप वर्षं मुलाबाळांची खोटी बोलणी ऐकलेली बाई ती. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सकाळपासना काय खाल्लंस नाय दिसता. चल, थोडा भात घे."