तळ्याकडची खोली

हॉटेलात त्याच पैशात वरची खोली कशी पदरात पाडून घ्यावी, या विषयावर मी तासभर बोलू शकते. म्हणजे बोलू शकत होते. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी, अर्धा महिना फिरती, आणि कंपनीने घेऊन दिलेली छोट्या, नटव्या हॉटेलांची मेंबरशिप. त्यांना बुटीक हॉटेल म्हणतात. मोजक्या खोल्या, दारात पितळेचं घंगाळ, घंगाळात फुलं आणि कान नसलेले चहाचे कप. जितके मुक्काम तितके पॉइंट. पॉइंट साठले की तुम्ही गोल्ड. गोल्ड झालात की वरची खोली रिकामी असेल तर ती तुम्हाला मिळते.

'असेल तर' यातच सगळी कला होती. सकाळी जायचं नाही, तेव्हा आधीचे लोक उठलेले नसतात. संध्याकाळी जायचं नाही, तेव्हा सगळं वाटून झालेलं असतं. भर दुपारी जायचं, काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे, आणि हक्काचा सूर न लावता म्हणायचं, "आज काही बरं मिळेल का हो?" मी या गोष्टीवर इतका जीव का टाकत होते, तेही सांगते. जळगाव जामोदच्या आमच्या घरी चांगली खोली आधी भावाची, मग पाहुण्यांची, मग जावयांची. माझं अंथरूण कायम मधल्या घरात, कपाटाला लागून. पहिल्यांदा बाल्कनीवाली खोली मिळाली तेव्हा मी तिथल्या प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसून घेतलं होतं.

आईला याचं भारी कौतुक. मी गावाला पोचले की तिचा फोन यायचा, आणि जेवलीस का, हे ती नंतर विचारायची. आधी प्रश्न ठरलेला, "आज कोन्ती खोली देल्ली वं?" मग पडदे कसे, न्हाणीघर केवढं, खिडकीतून काय दिसतं, सगळं तिला सांगावं लागे. ती स्वतः कधी हॉटेलात राहिली नव्हती.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत जाणं हाच तिचा प्रवास झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. तिने त्यातलं न ऐकता सगळं ओळखलं, आणि एक दिवस म्हणाली, "मले एकदा तळं दाखव."

तिचं माहेर लोणारच्या तळ्याच्या अगदी काठावरचं. लहानपणी ती मैत्रिणींबरोबर उतार उतरून खाली पाण्यापर्यंत जायची. पुढे आजी-आजोबा गेले, मामांनी घर विकलं आणि ते पोटामागे सुरतेला गेले. माहेरी जायला माणूसच उरलं नाही, म्हणून ती इतकी वर्षं गेली नव्हती. मी म्हटलं, त्यात काय, खुर्चीत बसवून काठापर्यंत नेते. ती केवढी चिडली! "माहेरात मले उचलून नेशीन? लोकं म्हनतीन, कोनाची पोरगी होती अन् काय होऊन आली. मी नाही येत मंग."

नेमकं त्याच सुमारास आमच्या मेंबरशिपच्या यादीत लोणारचं एक नवं हॉटेल आलं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतून पलंगावर पडल्या पडल्या तळं दिसतं, असा फोटो होता. खालच्या खोल्या रस्त्याकडच्या. तिला तळं दिसेल आणि तिला कोणी पाहणार नाही, अशी दुनियेत एवढीच जागा होती. वरच्या खोल्या भरलेल्या दाखवत होत्या. पण एखादी खोली हॉटेलवाले हातची राखून ठेवतात आणि ती गोल्डवाल्याला देतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. थांबण्यात अर्थ नव्हता. मी खालची खोली घेतली आणि रविवारी आईला गाडीत घातलं.

आम्ही बरोबर दुपारी पोचलो. चाकाच्या खुर्चीतून आईला काउंटरपाशी नेलं. तिने इरकली नेसली होती, नाकात नळी आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. काउंटरवर बाहेरगावाहून आलेली एक गोड मुलगी होती. मी तिला सांगितलं की आईचं हे माहेर आहे, काही बरं मिळालं तर बघा. "बघते हं," म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली, आणि मी गाडीतलं ऑक्सिजनचं दुसरं सिलिंडर आणायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा काउंटरवर खालच्या खोलीची किल्ली ठेवलेली होती. एक कुटुंब सामानासकट लिफ्टमध्ये शिरत होतं. मुलगी हसून म्हणाली, "मॅम, वरची एक खोली होती, मी आजींना विचारलं. पण त्यांना खालीच सोयीचं आहे म्हणाल्या. मग ती या मंडळींना दिली."

मी आईकडे पाहिलं. ती काउंटरकडे बघत होती.

काय झालं असेल ते मला तिथेच कळलं. आमच्याकडे पहिल्या शब्दाला हो म्हणत नाहीत. चहा विचारला की "नको, आत्ताच घेतला," जेवायला बसा म्हटलं की "राहू द्या, पोट भरलेलं आहे." समोरच्याने हाताला धरून बसवायचं असतं, ताटात वाढून टाकायचं असतं. नाही म्हणणं हे आपलं काम, ते न ऐकणं हे यजमानाचं. आईनेही आपलं काम केलं होतं.

"मी म्हनलं, काऊन तरास घेतं माय, आमचं खाली भागते," आई हळूच म्हणाली. "ते पोरगी पुन्हा म्हनलीच नाही वं."

"आई, तुला माहीत होतं ना, तीच खोली!"

"हाव, मालूम होतं. पन पह्यल्या शब्दाले कसं हो म्हना? अन् माहेरात?"

मी त्या मुलीला वाट्टेल ते बोलले. आजारी माणसाला विचारतात का, दोनदा विचारायला तोंड झिजतं का, असं बरंच. ती बिचारी रडकुंडीला आली. तिला शिकवलं होतं, पाहुणा नाही म्हणाला तर पुन्हा विचारून त्याला अवघडवू नये. वर जाऊन त्या कुटुंबाचं दार वाजवायला मी निघाले, तर आईने माझी ओढणी धरली. "त्याईच्या जवळ लेकरू हाय. उद्या जातीन ते. उद्या पाहू."

संध्याकाळभर आम्ही रस्त्याकडच्या खोलीत होतो. तळं कोणत्या बाजूला आहे ते तिने मला विचारलं. पलंगाच्या डोक्याकडची भिंत मी दाखवली, तर तिने उशी उलट्या बाजूला घ्यायला लावली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पाणी खारट आहे, त्याला वास येतो, तरी पोरी त्यात पाय सोडून बसायच्या, असं दम घेत घेत सांगत राहिली. मी ऐकत होते आणि माझ्या गोल्डला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मला इतकं रडू येत होतं की मी दोनदा न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

सकाळी तिचे ओठ निळे पडले. जवळच्या मेहकरच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, एक मिनिट न दवडता घेऊन या. गाडी दाराशी लावली, आईला मागच्या सीटवर निजवलं, आणि ती काउंटरवरची मुलगी धावत आली. रात्रभर झोपली नसावी. "मॅम, वरची खोली रिकामी झाली. आजींना वर नेऊ या. मी धरते. आजी, चला, आता नाही म्हणायचं नाही, माझी शपथ आहे तुम्हाला!" तिने आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. कोणी शिकवलं होतं तिला हे, देव जाणे.

आई म्हणाली, "हाव."

पहिल्याच शब्दाला. आणि तिने उठायला कोपर टेकवलं.

मेहकरहून आम्हाला पुढे अकोल्याला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात सगळं संपल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, पाव तास उशीर केला असता तर काय झालं असतं. ते म्हणाले, काही फरक पडला नसता.

पण त्या सकाळी ते मला कोण सांगणार होतं? मी आईचा हात त्या मुलीच्या हातांतून सोडवला, म्हटलं, "नको," आणि गाडीचं दार लावून घेतलं.