बाबांचं न उघडलेलं रीळ

चष्मेताई माणसाकडे बघते तेव्हा आधी त्याचे कान बघते. चेहरा नंतर, वेळ उरला तर. चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवता बसवता तिची पक्की खात्री झाली आहे की जगात एकाही माणसाचे दोन कान एका पातळीत नाहीत, आणि हे त्या माणसाला सांगून उपयोग नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "चष्मा वाकडा आहे." ती म्हणते, "बरं," आणि सरळ असलेला चष्मा कानांच्या बेतानं जरा वाकडा करून देते. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, "आता कसा सरळ झाला!"

तिला नाव आहे, पण ते लागतं फक्त बँकेत. एरवी ती सगळ्यांची चष्मेताई. काउंटरच्या मागे खिडकीपाशी तिचं टेबल आहे. त्यावर डोळ्याला लावायचं भिंग, बोटाएवढे स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, आणि चष्मे धुवायचं एक मशीन, जे पाण्याला बारीक थरथर आणून मळ सुटा करतं. टेबलाखाली तुटक्या काड्यांचा पत्र्याचा डबा. काडी म्हणजे चष्म्याचा कानावर जाणारा भाग. लोक चष्म्यावर बसतात तेव्हा पहिला बळी तिचाच जातो, त्यामुळे डबा कायम भरलेला असतो.

तिचे वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानदारानं पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते न वाकता ओळखायचे, असा त्यांचा लौकिक होता. हा लौकिक पसरवण्यात त्यांचाही थोडा हात असावा. आठवडाभर ते जगाचे तराजू सरळ करायचे आणि रविवारी सकाळी गळाची काठी, गळाची दोरी गुंडाळायचं पितळी रीळ आणि कणकेच्या गोळ्यांची डबी घेऊन तळ्यावर जायचे. एकटे. मुलांना कधी नेलं नाही. परत यायचे ते उन्हानं लाल होऊन आणि बहुधा रिकाम्या हातानं. आई म्हणायची, "मासे आपल्याकडे पाहुण्यांसारखे येतात. न कळवता आणि एखादाच."

लहानपणी चष्मेताईनं एकदा विचारलं होतं, "बाबा, तिथे इतका वेळ काय करता?"

"काम असतं," बाबा म्हणाले. चौकशी तिथेच संपली. निरीक्षकांना प्रश्न विचारायची सवय असते, उत्तरं द्यायची नसते.

रिळाबद्दल मात्र ते भरभरून बोलायचे. ते त्यांना त्यांच्या मामांकडून मिळालं होतं. "चांगल्या वस्तूची खूण एकच," ते म्हणायचे, "ती उघडावी लागत नाही. मी हे रीळ एकदाही उघडलेलं नाही." घरात कुकरपासून घड्याळापर्यंत काहीही बिघडलं की हे रीळ सगळ्यांच्या तोंडावर फेकलं जायचं. अर्थात बोलण्यातून.

बाबा गेल्यावर काठी भावाकडे गेली, कारण त्याची गॅलरी लांब होती. रीळ कोणीच नेलं नाही. ते कपाटात पडून राहिलं, हिरवं झालं आणि शेवटी पार जाम झालं.

भावाला सगळे बारक्या म्हणतात. तो दारातून आत येताना मान वाकवतो. त्यानं नवं घर घेतलं आणि घर सजवणाऱ्या माणसानं दिवाणखान्याच्या भिंतीत एक कोनाडा काढला. पुढे काच, आत दिवा. त्यात काहीतरी वाडवडिलांचं ठेवा, असा त्याचा सल्ला होता. बारक्यानं डोकं खाजवलं. वाडवडिलांनी मागे फारसं काही ठेवलेलं नव्हतं. मग त्याला रीळ आठवलं.

"ताई, बाबांचं रीळ मला दे."

"फिरत नाही ते."

"फिरायला कशाला हवंय? बघायचंय फक्त."

"मी आधी फिरवून बघते."

"तू? आयुष्यात कधी मासा पकडलायस?"

"तू पकडलायस?"

"मी कुठे म्हणतोय मला पकडायचाय? मी भिंतीत ठेवतोय."

यावर बराच वेळ दोघंही तेच तेच बोलत राहिले. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "लोक घर बघायला येणार आहेत ना, त्या दिवसापर्यंत ताईंना वेळ दे. चालू झालं तर त्यांचं. नाही झालं तर भिंतीत. आणि नंतर कोणी तोंड वाकडं करायचं नाही." ही वहिनी लग्नाआधी ग्राहक तक्रार केंद्रात होती. तिथलं काहीच वाया गेलेलं नाही.

चष्मेताईला मासे नको होते. इतके रविवार बाबा तिथे करत काय होते, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी तिला एकच उपाय दिसत होता: तीच काठी, तेच रीळ घेऊन स्वतः तिथे जाऊन बघणं. काचेमागे गेलेल्या वस्तूला काही विचारता येत नाही. तिच्याकडे पाहुणे बघतात आणि "अरे वा" म्हणतात.

तिनं रीळ रॉकेलमध्ये भिजत घातलं आणि दुपारच्या सुट्टीत दुकानात उघडलं. पितळेच्या दोन तबकड्या, मध्ये दोरी गुंडाळायची फिरकी, बाजूला मूठ. आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. तबकडी सुटली तशी ग्रीसमधून तारेचा एक वाकडा तुकडा टेबलावर पडला. ती तार ती झोपेतही ओळखेल: जुन्या पद्धतीच्या चष्म्याची काडी, कानामागे वेटोळं घालून बसणारी. तिच्या टेबलावर असे तुकडे कुठूनही कुठेही पडतात. चहाच्या कपातसुद्धा एकदा सापडला होता. तिनं तो उचलला आणि खालच्या डब्यात टाकला.

मग सगळे भाग मशीनमध्ये गेले. पाणी आधी चहासारखं झालं, मग शाईसारखं. दुकानाचे मालक मागे येऊन उभे राहिले.

"ताई, चष्मे धुवायचं मशीन आहे ते. गटार साफ करायचं नाही."

"बाबांचं आहे."

"मग राहू दे. पण त्यात आज माझा चष्मा घालू नकोस."

भाग बाहेर आले तेव्हा पितळ नव्या नवरीसारखं लाजत होतं. तिनं सगळं जोडलं, दोरी परत गुंडाळली, तेलाचे थेंब टाकले आणि मूठ फिरवली. फिरकी भिंगरीसारखी सुटली ती थांबेचना. इतक्या सहज फिरेल असं तिलाही वाटलं नव्हतं. तिनं लगेच बारक्याला फोन केला. तो ऑफिसमधून थेट दुकानात आला.

"दोरी ओढून बघ," ती ऐटीत म्हणाली.

त्यानं ओढली. फिरकी सुसाट सुटली, दोरी तिच्यापेक्षा हळू पळाली, आणि काउंटरवर पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता तयार झाला. एका आजोबांचा चष्मा त्यात अडकला.

"ताई, हे फिरणं नाही," बारक्या म्हणाला. "हे सुटणं आहे. कबूल?"

"कबूल. पण मुदत संपलेली नाही."

"दोरी धरायला काहीतरी लागत असेल ना आत? आणि बाबांच्या रिळाचा आवाज यायचा. कर्रकर्र. तो कुठाय?"

"आवाज तर तुझाही येतो. तुला नाही कोणी काचेत ठेवलं."

"ताई, आजोबांचा चष्मा सोडव आधी," मालक म्हणाले.

रीळ पुन्हा उघडलं. आत एक दातेरी चाक होतं आणि त्याच्या दातांत अडायला एक खिट्टी. सायकलवाले असल्या खिट्टीला कुत्रा म्हणतात. हा कुत्रा नुसताच लोळत होता. त्याला दातांवर दाबून धरणारं काही नव्हतं. आणि त्याच्याशेजारी एक स्क्रू होता, ज्यानं काहीच धरलेलं नव्हतं. तिनं तो निगुतीनं धुऊन, निगुतीनं परत बसवला होता, कारण निघालेला स्क्रू परत बसवायचा, एवढंच तिनं बघितलं होतं.

आता तिनं भिंग लावलं. बाकीचे स्क्रू पितळेचे, हा काळा. बारीक आटे, चपटं डोकं. तिनं टेबलाचा खण उघडला. तसल्याच स्क्रूंची पाकिटं तिथे ओळीनं लावलेली होती. पुरुषांच्या जाड फ्रेमचा, बिजागरीत बसणारा स्क्रू. तिला पहिल्यांदा वाटलं, आपलाच एखादा धांदलीत यात गेला असणार. पण भोकाच्या आत बघितलं तर जुने आटे खरवडून या स्क्रूसाठी नवे पाडलेले होते. कोणीतरी वेळ घालवून, जीव लावून, आणि पहिल्या खेपेला चुकून. बाजूला चुकलेल्या भोकाची एक सुरुवातही होती.

रीळ मामांनंतर बाबांखेरीज कोणाच्या हातात गेलेलं नव्हतं. मामांच्या काळात हा स्क्रू बनतच नव्हता.

तिला आठवलं. बाबा एकदा चष्म्याची तुटलेली काडी घेऊन दुकानात आले होते. कानामागे वेटोळं घालणारी. तिनं नवी बसवली आणि जुनी डब्यात टाकायला हात पुढे केला, तर म्हणाले, "दे इकडे. आपली आहे ती." रुमालात बांधून घेऊन गेले. ती आणि मालक मागून हसले होते. निरीक्षकांचा काटेकोरपणा तो! स्क्रू मात्र त्यांनी मागितला नव्हता. तो काउंटरवर सांडलेल्यांतून उचलला असणार. लोकांच्या तराजूत फेरफार सापडला की दंड करणारा माणूस मुलीच्या टेबलावरून एक स्क्रू न सांगता घेऊन गेला होता, त्यानं स्वतःच्या रिळात फेरफार केला होता, आणि वर आयुष्यभर सांगत राहिला की हे उघडावं लागत नाही.

हे कळून तिला राग यायला हवा होता. तिला इतकं कुतूहल वाटलं की ती चहा प्यायची विसरली. किती वेळा उघडलं असेल? कोणापासून लपवून? घरात तर जागा नव्हती. घरात कोणी नख कापलं तरी सगळ्यांना कळायचं.

तारेचा तो तुकडा म्हणजे कुत्र्याची स्प्रिंग होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं भंगारात टाकली होती. दुसऱ्या कोणी रीळ उघडलं असतं तर ती तार चष्म्याची आहे हे त्याला ओळखूच आलं नसतं, आणि म्हणूनच त्यानं ती जपून ठेवली असती.

आधी तिनं नवी तार वाकवून पाहिली. पहिली इतकी ताठ की मूठ फिरेना. दुसरी इतकी मऊ की कुत्रा पुन्हा लोळला. तिसरी ठीक वाटली आणि तुटली. लोक घर बघायला यायचा दिवस उजाडला तेव्हा तिनं दुकानात वर्तमानपत्र पसरून डबा उलटा केला.

"आता हे काय?" मालक म्हणाले.

"स्प्रिंग शोधतेय."

"यात? ताई, यात अख्ख्या गावाच्या काड्या आहेत."

दोघांनी मिळून शोधलं. मालक बसले, कारण उभं राहून बघणं त्यांना जड जात होतं. असं त्यांचं म्हणणं. नुसते वेटोळ्याचे तुकडेच पुष्कळ निघाले. पण बाकीच्यांवर कानाचा मळ होता आणि एकावरच काळं ग्रीस. तो तिनं भिंगाखाली धरला. एक टोक कानशीनं चपटं केलेलं, खाचेत बसेल असं. मधला बाक एकदा कमी, मग जास्त, मग पुन्हा थोडा कमी केल्याच्या खुणा. बाबांना जमेपर्यंत बरेच प्रयत्न लागले होते. तिलाही ती बसवायला वेळ लागला. कुत्रा दातांवर चढला आणि रिळानं तोंड उघडलं. कर्र, कर्र.

"हे घे," मालक म्हणाले, "आता हेही तक्रार करायला लागलं."

बारक्याच्या घरी पाहुणे कोनाड्यासमोर उभे होते. आत दिवा लागला होता आणि दिव्याखाली काही नव्हतं. एक बाई त्याचं कौतुक करत होत्या, किती मोकळं ठेवलंय म्हणून. चष्मेताईनं रीळ भावाच्या हातात दिलं. त्यानं दोरी ओढली. कर्रकर्र आवाज आला, दोरी हवी तेवढीच सुटली. त्यानं पुन्हा ओढली. मग मूठ फिरवून सगळी परत गुंडाळली आणि पुन्हा ओढली. पाहुण्यांना पाणी द्यायचं राहिलं.

"बरोबर. हाच आवाज," तो म्हणाला. "काय झालं होतं?"

तिनं सांगितलं.

"बाबांनी? आपल्या बाबांनी?"

"चुकीच्या जागी भोकसुद्धा पाडलंय."

"दाखव."

"आत्ता? लोक बसलेत."

"बसू देत. दाखव."

तिनं पर्समधला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दोघं डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर वाकले. बारक्यानं ते चुकलेलं भोक मोबाइलच्या उजेडात खूप वेळ पाहिलं. एवढ्या आनंदानं त्यानं नव्या घरातलं काही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे हे ओरिजिनल नाहीच," तो शेवटी म्हणाला.

"मग भिंतीत ठेवायचा प्रश्नच मिटला," वहिनी म्हणाली. "ताईंचं रीळ. आता सरबत कोण देतंय?"

रविवारी तळ्यावर जाताना चष्मेताईला एकटीनं जायचं होतं. पण काठी बारक्याकडे होती, आणि तो काठी सोडायला तयार नव्हता. "काठीबद्दल काही ठरलेलं नाही," तो म्हणाला. तेव्हा दोघं गेली.

काठावर बसायला सपाट दगड होता. दोरी लांब फेकायची तर ती पहिल्यांदा झाडात गेली, मग बारक्याच्या टोपीत, मग कशीबशी पाण्यात. बूच तरंगायला लागलं. दोघांनी त्याच्याकडे टक लावली. बूच काही करेना. पलीकडच्या काठावर एक माणूस म्हशीला आंघोळ घालत होता, तेही बघून झालं. बारक्यानं कणकेच्या गोळ्या मोठ्या-लहान अशा वेगळ्या लावल्या. चष्मेताईच्या हाताला सवय नव्हती रिकामं राहायची. तिनं उगाच मूठ थोडी पुढे, थोडी मागे केली. आवाज ऐकला. पुन्हा केली.

"ताई, हात लावू नकोस. चालू आहे ना?"

"जरा जड वाटतंय. बाक किंचित कमी केला तर हलकं होईल."

"आत्ता?"

"आत्ता काय काम आहे दुसरं?"

बारक्यानं विचार केला. त्यालाही काही सुचलं नाही. त्यानं काठी दगडाच्या खोबणीत टेकवली आणि स्क्रू पडू नयेत म्हणून रुमाल पसरून धरला. ती रिळावर वाकली. तबकडी निघाली, कुत्रा निघाला, तार तिच्या चिमट्यात आली. "इकडून थोडा," बारक्या म्हणाला. "तुला काय कळतंय?" ती म्हणाली, पण तिकडूनच वाकवला. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती.

बूच बुडालं तेव्हा रीळ उघडलेलं होतं.