पहाटेचं लक्ष

आमच्या शाळेत मुक्कामी सहल म्हटली की हेडमास्तर आधी माझ्याकडेच बघतात. सालेकशाच्या जंगलपट्ट्यातल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवते आहे आणि आजवर एकही पोर हरवू दिलेलं नाही. माझा आवाज मोठा आहे, झोप सावध आहे आणि राग नाकावर असतो. सहलीला एवढं पुरतं, असं मला वाटायचं.

त्या वर्षी सहल लांबत लांबत मार्चअखेरीवर गेली. आठवीच्या बावीस मुली, नवेगावचा तलाव, जवळच्या गावातल्या शाळेत एका रात्रीचा मुक्काम. एकवीस घरांतून संमतीपत्रं आली, एका घरातून आलं नाही. मग मीच त्या घरी गेले.

अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती. मुलीची आई ती हातानं पसरत होती.

"मोहाचे दिवस आहेत, मॅडम. दोन हात कमी पडतेत," ती म्हणाली.

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे. जशी नेईन तशी आणून देईन. शब्द देते."

तिनं हात पदराला पुसले आणि अंगठ्याऐवजी सही केली, तीही ठसठशीत. निघताना म्हणाली, "पहाटेची उठते थे पोरगी. पहाटेचं तेवढं लक्ष ठेवजा."

"माझ्या नजरेतून मांजर सुटत नाही," मी म्हटलं. मी गोंदिया शहरात वाढलेली. मोह मला माहीत होता तो वासापुरता.

पहिला दिवस छान गेला. बसमध्ये गाण्यांनी माझे कान किटले, तलावावर पक्षी दिसले, पोरी पोटभर जेवल्या. झोपताना मी वर्गाच्या दाराला आडवी सतरंजी टाकली. आता मला ओलांडून कोण जातंय बघू, असं मुलींना ऐकवलंही.

उजाडताना डोळे उघडले तेव्हा, जिच्या घरी मी गेले होते त्या मुलीचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं. मला ओलांडून ती गेली होती आणि मला पत्ता नव्हता. बाहेर धावले. समोर तलाव, पाण्यावर धुकं. मला तिची आई दिसायला लागली आणि मी दिलेला शब्द आठवला.

मागून एक मुलगी डोळे चोळत म्हणाली, "मॅडम, थे फुलावर गेली असन."

शाळेच्या मागे मोहाचं मोठं झाड होतं. त्याखाली ती वाकून वाकून फुलं वेचत होती, ओढणीचा ओचा करून. जिवात जीव आला आणि पाठोपाठ राग आला.

"न सांगता काऊन गेलीस?" चिडले की माझ्याही तोंडी इथलीच बोली येते.

"जाग आली, मॅडम. फुलं पडून होती. ढोरं खाऊन टाकतेत."

ती बुंध्याशी गेली आणि ओचा रिकामा केला. तिथं आधीच फुलांचा ढीग होता. "झाडवाला येईन ना," ती पुटपुटली. मी तिकडे लक्षच दिलं नाही. तलाव, पाणी, साप, तिची आई, माझा शब्द, सगळं तिला ऐकवलं. चांगली पाच मिनिटं ओरडले.

परतल्यावर मी स्वतःच तिला घरी सोडायला गेले. लपवाछपवी मला जमत नाही. तिच्या आईला सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. पहाटे ही बाहेर गेली आणि मला कळलं नाही. तलावाजवळ मोहफुलं वेचत होती."

बाईचा चेहरा पडला. पण तिनं तलावाचं विचारलंच नाही.

"कोणाच्या झाडाची?"

"माहीत नाही. पण हिनं काही आणलं नाही. बुंध्याशी ढीग करून ठेवला, झाडवाल्यासाठी."

तिनं सुस्कारा सोडला. "त्याचंच भेव होतं, मॅडम. झाडाखाली जन्मली थे, जंगलात कायची हरवते? पण हाताले सवय आहे, अन् मोहाचं दर झाड कोणाच्या ना कोणाच्या वाट्याचं असते. दुसऱ्याच्या झाडाचं उचलून आणते का काय, म्हणून म्हटलं होतं लक्ष ठेवजा."

मला लाज वाटली. अकरा वर्षं इथं शिकवूनही मी फक्त मुली मोजत होते. शाबासकीच्या जागी त्या पोरीला बोलणी खावी लागली होती. ती दारातच उभी होती, आई आता काय म्हणते याची वाट बघत. मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या आईसमोर म्हटलं, "चुकले मी. तू बरोबर वागलीस."

आईनं मला पाण्याचा गडवा दिला. "पुढच्या साली हिच्या लहान बहिणीलेबी नेजा," ती म्हणाली.