वासंतीचं नाव यादीत का आलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि बहिणीला तर नाहीच, तिच्या पोटात काही राहत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही वासंतीला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा दुसरं एक कारण असेल — हल्ली मला ती गोष्ट जरा वेगळी आठवायला लागलीय. मी त्यात थोडी बरी दिसते. अजून दोन वर्षं गेली तर मी पूर्णच निर्दोष होईन की काय, असं वाटतं. त्याआधी सांगून टाकते.

पण सुरुवात कुठून करायची?

वासंती आणि मी एका कंपनीत होतो. मानपाड्याच्या बाजूला औषधांची कंपनी होती, तिथे पॅकिंगला. मी नवीन लग्न होऊन डोंबिवलीत आलेले, स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे. ती तिथलीच, गावातली. तिच्या सासरची पूर्वी भातशेती होती, पण जमिनी विकून झाल्या होत्या आणि पैसा मोठ्या दिरांकडे गेला होता. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. गाववाले म्हटलं की जमीनवाले, जमीनवाले म्हटलं की दारात गाडी, असंच सगळे धरून चालतात. मीही धरून चालायचे.

मी सात महिन्यांची गरोदर असताना मला पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभं राहून काम होईना. पाय सुजायचे. वासंतीचं काम बसून होतं, लेबल तपासायचं. तिने सुपरवायझरला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर ती उभी होती आणि मला म्हणाली, "तू बस माझ्या खुर्चीवर." अडीच महिने ती उभी राहिली. मी एकदाही तिला नीट धन्यवाद म्हटले नाही. तेव्हा असं म्हणायची पद्धतही नव्हती म्हणा — की होती?

आणि दुसरी एक गोष्ट, हीही सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धंच होईल. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझा डबा उघडला आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाली, "आगो बाय, हिच्या डब्यान नुसता लोनचा!" बायका हसल्या. तीही हसली. त्या महिन्यात नवऱ्याचा पगार अडकलेला होता, घरात भाजीच नव्हती. तिने लगेच तिचं सुक्या कोलंबीचं कालवण माझ्या पुढ्यात सरकवलं. मी तेव्हा कोलंबी खात नव्हते. तरी खाल्ली.

ह्याचा राग मी धरून ठेवला होता का? इतकी वर्षं? मला खरंच माहीत नाही. असा राग आठवत नाही. पण ते वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

पुढे कंपनी बंद पडली. सगळ्या पांगल्या. माझ्या नवऱ्याला कायमची नोकरी लागली, आम्ही फ्लॅट घेतला, मुलगा शिकून पुण्याला गेला. वासंतीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी घरोघरी सर्व्हे करायचं काम धरलं. घरी बसून कंटाळा आलेला. ठाणे, कल्याण, डोंबिवली सगळीकडे आमच्यासारख्या बायका फिरत होत्या. घरात माणसं किती, कमावतं कोण, काम रोजचं की कधीतरी मिळणारं, पोरं शाळेत जातात की नाही, असे प्रश्न. उत्तरं टॅबमध्ये भरायची. आठवडाभर सगळे फॉर्म टॅबमध्येच राहायचे, आणि शनिवारी ऑफिसात बसून एकदम पाठवायचे. तोपर्यंत कुठलाही फॉर्म उघडून बदलता यायचा. कुणाला विचारायची गरज नाही. हे लक्षात ठेवा.

ज्या घरांत खरोखर अडचण आहे, तिथल्या दर घरामागे एका मुलीला रुग्णसेवेचा कोर्स मिळणार होता. दहा महिने शिकवणार, शिकताना दरमहा थोडे पैसे देणार, आणि नंतर हॉस्पिटलात कामाला लावून देणार. निवड फक्त ह्याच सर्व्हेवरून.

ठाकुर्लीला रेल्वे लाइनच्या पलीकडे एका चाळीत मी सकाळची फिरत होते. एक दार वाजवलं आणि वासंतीने उघडलं.

मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. "नीला!" म्हणून तिने माझे दोन्ही हात धरले. ती खूप वाळली होती. आत कॉटवर तिचा नवरा बसलेला, एक हात मांडीवर निपचित पडलेला. टेम्पो चालवायचा तो. अर्धांगाचा झटका आला होता. कोपऱ्यात मुलगी होती, दीपाली. बारावी झालेली. मी आत आले तशी तिने पटकन एक गोणी कॉटखाली सरकवली. पण तिच्या बोटांना गोंद होता, आणि फरशीवर टिकल्यांची चार-पाच पाकिटं राहून गेली होती. टिकल्या पाकिटावर चिकटवायचं काम घरी आणतात ना, ते.

मी टॅब काढला, कोर्सचं सांगितलं आणि प्रश्न सुरू केले. तेवढ्यात शेजारची एक बाई येऊन दारात उभी राहिली. घरमालकीण. हाताची घडी घालून ऐकत होती.

आणि वासंती बोलायला लागली. नवऱ्याला पेन्शन मिळते. दीर दर महिन्याला पाठवतात. दीपाली ठाण्याला ऑफिसात आहे, आज सुट्टी. माझ्याकडे बघतच नव्हती. दीपाली खाली मान घालून नखाने बोटावरचा गोंद काढत होती.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं — बाहेरचं माणूस हजर असेल तर फॉर्म थांबवायचा, नंतर परत जायचं. हे मला पाठ होतं. मी दुसऱ्या बायकांना शिकवलं होतं.

मी थांबले नाही. ती बोलली ते सगळं भरलं. नियमित उत्पन्न — हो. मुलगी नोकरीला — हो. तेव्हा मी मनात काय म्हटलं ते सांगते — तिची इज्जत राखतेय. चारचौघांत तिला उघडं कशाला पाडायचं? हे मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं, नुसतं थांबले असते तरीही तिची इज्जत राहिलीच असती की. मग?

इथपर्यंत मला तुमच्यासमोर फारशी लाज वाटत नाही. खरी गोष्ट पुढची आहे. मी उगाच तिच्याभोवती घिरट्या घालतेय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी त्याच भागात पुढच्या चाळीत होते. जिना उतरत होते. खाली वासंती उभी. शोधत आली होती, घाम आलेला, पदर खोचलेला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नीला, काल मी सगला खोटा सांगला. घरवाली उभी व्हती ना दारान. घरान कोनी कमवता नाय ह्ये तिला कलला तर खोली खाली करायला सांगंल. खरा ह्ये हाय का आमी टिकल्यांवर जगतो. मना काय नको. पोरीचा नाव तेवढा घे."

एका दमात बोलली. आयुष्यात तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

आणि मी म्हटलं, "अगं, ते कालच गेलं वर. आता माझ्या हातात काही नाही."

टॅब माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. फॉर्म त्यात होता. दोन मिनिटांचं काम होतं.

का म्हटलं असं? मी शंभर वेळा स्वतःला विचारलंय. ऊन होतं, पाय दुखत होते, बारापर्यंत अजून चार घरं करायची होती, हे सगळं खरं आहे. पण ह्यातलं एकही कारण त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. तोंडातून ते वाक्य आलं, अगदी सहज, ऑफिसातली माणसं आपल्याला म्हणतात तसं. कदाचित तसं म्हणता येतंय ह्याचंच बरं वाटलं असेल? माझ्या हातात काहीतरी आहे, आणि समोरची वासंती आहे — ह्याचं? मी "कदाचित" म्हणतेय. मला खरंच कळत नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर मी गडबडून टॅब काढला असता, असं मला वाटतं. पण ती म्हणाली, "जाव दे. तुझ्या हातान नाय तं तू तरी काय करशील." वर म्हणाली, "जेवायला ये येकदा." आणि गेली.

पुढचे तीन दिवस फॉर्म माझ्याकडेच होता. शनिवारी मी ऑफिसात बसले. टॅबवर नावांची यादी आली. वासंतीचं नाव मधेच होतं. शेजारी बदल करायची खूण. मी त्यावर बोट नेलं. आणि तेव्हा मनात काय आलं, ते मात्र मला नीट आठवतं, त्यात गोंधळ नाही. मनात आलं, आता बदललं आणि यादीत दीपालीचं नाव आलं, तर वासंतीला कळेल की फॉर्म गेलेला नव्हता. मी तिच्याशी खोटं बोलले, हे तिला कळेल.

एवढंच. एवढ्यासाठी.

तिला सांगता आलं असतं की मी ऑफिसातल्या मॅडमना विनंती केली, त्यांनी ऐकलं. तिने तर मला डोक्यावर घेतलं असतं. हे तेव्हा सुचलं नाही, असं म्हणणार होते. पण सुचलं होतं. बोट तिथे ठेवून मी हाच विचार करत होते. तेवढ्यात मागून मॅडमनी विचारलं, "झालं का हो ताई?" आणि मी "झालं" म्हणून सगळे फॉर्म एकदम पाठवून दिले.

महिन्याभराने यादी लागली. कोर्स कल्याणला झाला. शेवटी सर्टिफिकेटं दिली तेव्हा आम्हा सर्व्हेवाल्या बायकांनाही बोलावलं होतं, मी गेलेले. पांढऱ्या कोटातल्या मुली एकेक करून स्टेजवर येत होत्या. एक मुलगी मला भेटून रडली, म्हणाली तुमच्यामुळे झालं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो आनंद खोटा नव्हता हो. तिचा फॉर्म मी मन लावून भरला होता, दोनदा घरी जाऊन. मग मी नक्की कशी बाई आहे? जिने दोनदा जाऊन तो फॉर्म भरला ती, की दुसरी?

दीपाली कल्याणच्या बाजारात कपड्यांच्या एका होलसेल दुकानात लागली. सकाळी दहापासून उभी. वासंतीने स्वयंपाकाची कामं धरली. आणि त्यातलं एक घर गेल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमध्ये निघालं, तिसऱ्या मजल्यावर.

लिफ्टपाशी भेटली. तिच्या मालकीणबाई सोबत होत्या. वासंतीने त्यांना माझी ओळख करून दिली, "ही माझी कंपनीतली मैत्रीन. हिनं आमच्यासाठी लय खटपट केली व्हती, पन आमचा नशीबच नाय." त्या बाई माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. मी मान हलवली. नुसती हसून मान हलवली, आणि लिफ्टमध्ये शिरले.

तेव्हापासून ती कधीकधी घरी डोकावते. कालवण आणून देते. मी घेते. नवऱ्याला वाटतं मी हल्ली तिच्यापासून तोंड चुकवते ते पायरीमुळे, ती आता कामवाली म्हणून. त्याने मला ह्यावरून एकदा सुनावलंही. मी त्याला तसंच वाटू दिलं. त्याला जे वाटतं ते खऱ्यापेक्षा बरं आहे.

मागच्या महिन्यात दीपाली आली होती, आईचा राहिलेला डबा न्यायला. तेवीस वर्षांची आहे आता. दिवसभर उभं राहून तिच्या पायाच्या शिरा फुगल्यात, चपलेच्या पट्ट्याखाली दिसत होत्या. डबा घेतला, पण निघेना. मग म्हणाली, "मावशी, एक विचारू? चाळीतल्या दोघी जणी त्या कोर्सला लागलेल्या. त्यांच्या घरी आमच्याहून बरं होतं. मग आमचंच नाव का नाही आलं?"

भांडायला आली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईसारखंच सरळ बघत होती.

मी म्हटलं, "त्यांचे काही नियम असतात गं."

"बरं," ती म्हणाली. आणि जिना उतरून गेली.

तसा काही नियम नव्हता. मी होते.